झालीस हं मोकळी

पाणमोट फुटली तेव्हा शर्वरी हसत होती. आरोग्य केंद्रातल्या मदतनीस मंगलमावशी तिला आपल्या थोरल्या जावयाची गोष्ट सांगत होत्या. बायकोला कळा सुरू झाल्यावर तो इतका गांगरला, की तिला दारातच ठेवून कपड्यांची पिशवी तेवढी घेऊन लाँचमध्ये चढला.

"मग पलीकडच्या काठावर उतरल्यावर आठवलं का त्यांना?" शर्वरीनं विचारलं, आणि तेवढ्यात खालचं अंथरूण ओलं झालं.

"फुटली बया," मंगलमावशी म्हणाल्या.

सिस्टर केतकीनं हातमोजे चढवले, चादर वर केली आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथे विरलं. पाण्याबरोबर नाळेचा एक वेढा बाहेर आला होता. निळसर पांढरा, पीळ घातलेल्या दोरीसारखा, चकचकीत ओला.

एरवी बाळाचं डोकं खाली उतरून गर्भाशयाच्या तोंडावर बुचासारखं बसलेलं असतं, त्यामुळे नाळेला पुढे यायला वाट मिळत नाही. डोकं वर तरंगत असतानाच पाणमोट फुटली, तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ त्याच्या पुढे घसरते. मग प्रत्येक कळेला डोकं खाली येतं आणि नाळ आईच्या हाडांशी चेपली जाते. बाळाला प्राणवायू मिळतो तो त्या एकाच नळीतून. ह्यावर औषध नाही. हात आत घालायचा, दोन बोटांनी बाळाचं डोकं वर उचलून धरायचं आणि पोट उघडून बाळ काढेपर्यंत तो हात हलवायचा नाही. हा उपाय केतकीच्या आजीच्या काळी होता आणि इतकी यंत्रं आल्यावरही तोच राहिला होता.

"मैना, नाळ पुढे आली आहे. ठोका लागतोय. विमान पाठवा," केतकी गळ्यातल्या चपट्या डबीला म्हणाली. मग शर्वरीला म्हणाली, "पालथी हो. गुडघे पोटाशी, छाती गादीला टेकव, कंबर वर. मी हात आत घालणार आहे. दुखेल."

"काय झालंय, आक्का?"

"नाळ आधी आलीय. मी डोकं वर धरते. डॉक्टर येतील आणि बाळ काढतील."

"विमान निघालं, सिस्टर," डबी बाईच्या आवाजात म्हणाली.

शर्वरी वळली. तिच्या पोटावर बांधलेला, बाळाच्या हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा वळताना मुरगळून मांड्यांत अडकला. केतकीचा हात एव्हाना आत गेला होता. "मावशी, तो काढा," ती म्हणाली, आणि मंगलमावशींनी पट्टा सोडवून खिडकीत ठेवला. मग त्यांनी शर्वरीच्या नाकावर प्राणवायूचा मास्क बसवला.

धरणाच्या पलीकडचं सावरघळ हे गाव नकाशावर शहरापासून फार लांब नाही. मधलं पाणी आणि घाट मिळून ते लांब होतं. इथल्या आरोग्य केंद्रात शस्त्रक्रियेची खोली होती, दिवे होते, पण शस्त्रक्रिया करणारं कुणी नव्हतं. तालुक्याच्या गावीही भूल देणारे डॉक्टर टिकत नव्हते. म्हणून जिल्ह्यानं विजेवर उडणारं एक छोटं यान घेतलं होतं. त्यातून शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ जिथे गरज असेल तिथे जाऊन उतरायचे. गावातले लोक त्याला सरळ विमान म्हणत. ते कुणाकडे जाईल हे श्रुतनोंद नावाची संगणकप्रणाली ठरवायची. केतकीच्या गळ्यातली डबी म्हणजे त्या श्रुतनोंदीचा कान. सिस्टर मंडळी तिला मैना म्हणत.

मैना येण्यापूर्वी सिस्टरचा निम्मा दिवस लिहिण्यात जायचा. तपासलं किती वाजता, टोचलं काय, कळा किती. मैनेनं ते सगळं थांबवलं. ती खोलीतलं बोलणं ऐके, कोण बोलतं हे ओळखे आणि त्यातून घडलेली गोष्ट वेगळी काढून नोंद करे. हजारो बाळंतपणांची ध्वनिमुद्रणं ऐकून ती शिकली होती. नुसत्या शब्दावर ती विसंबत नसे. सिस्टरचं वाक्य आणि अंगावरची उपकरणं ह्या दोन्हींनी एकच गोष्ट सांगितली, तरच न विचारता नोंद पक्की होई. ही काळजी योग्यच होती. केतकीला मैना आवडायची. तिच्यामुळे लिहिणं संपलं, आणि लिहिणं संपलं म्हणून सावरघळमधली दुसऱ्या सिस्टरची जागा रद्द झाली, तेव्हाही केतकीनं मैनेला बोल लावला नव्हता.

आज मात्र दुसरी सिस्टर असती, तर तिनं शर्वरीच्या मूत्राशयात नळी घालून सलाइन भरलं असतं. फुगलेलं मूत्राशयही डोकं वर ढकलतं. केतकीचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत गुंतला होता आणि मंगलमावशींना नळी घालणं येत नव्हतं.

बाळाचं डोकं बोटांच्या टोकांवर टेकलं होतं. नाळ करंगळीच्या बाजूनं गेली होती आणि तिच्यातून ठोका लागत होता, भरभर, चिमणी मुठीत धरल्यासारखा. केतकीनं नाळेला मुद्दाम स्पर्श केला नाही. हाताळलेली नाळ आकसते. तो ठोका आपण होऊन तिच्या बोटाला येऊन लागत होता.

कळ आली. डोकं खाली रेटलं गेलं. केतकीनं खांद्यापासून जोर लावला. शर्वरी गादीत तोंड खुपसून विव्हळली.

"आक्का, नाही सहन होत."

शर्वरी तिच्या धाकट्या भावाची, हर्षलची बायको. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पुण्याहून तिची आई दोनदा न्यायला आली होती. "आक्का असताना मी कशाला जाऊ तिकडे रांगेत बसायला?" असं सांगून शर्वरीनं तिला परत पाठवलं होतं. केतकीला त्याचा अभिमान वाटला होता. नणंदेवर एवढा भरवसा टाकणारी भावजय शोधून सापडायची नाही, असं तिनं मावशींना चारचौघांत ऐकवलंही होतं.

दुसरी कळ पहिलीहून मोठी होती. शर्वरीचं सगळं अंग थरथरायला लागलं, कंबर खाली यायला लागली. ती खाली आली असती तर सगळंच संपलं असतं. केतकी तिच्या पाठीवर ओणवी झाली आणि कानाशी बोलत राहिली, जसं ती प्रत्येकीशी बोलत आली होती.

"झालीस हं मोकळी. झालीस, झालीस. आलं हं बाळ. आलं."

शर्वरीची कंबर वर राहिली. कळ ओसरली. मैनेचा बारीक टिक असा आवाज झाला. तो नोंद झाल्याचा आवाज केतकीनं ऐकला, पण तिचं सगळं ध्यान बोटांत होतं.

थोड्या वेळानं दार उघडून हर्षल आत आला. त्याला आत यायची परवानगी नव्हती. त्याच्या हातात फोन होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आक्का, मुलगा का मुलगी? ह्यात लिहिलंच नाही."

मग त्याला पलंग दिसला. बायको पालथी, बहीण तिच्यामागे गुडघ्यांवर, कोपरापर्यंत रक्त.

"कशात लिहिलं नाही?" केतकीनं विचारलं.

त्यानं फोन पुढे केला. अभिनंदन. शर्वरी हर्षल शेलार यांची प्रसूती सुखरूप झाली आहे.

केतकीला ते सगळं एका क्षणात उलगडलं. तिचं वाक्य, आणि खिडकीतला पट्टा. बाळ जन्मलं की पट्टा काढतातच. दोन्हींनी एकच सांगितलं होतं.

"मैना, प्रसूती झालेली नाही. बाळ आत आहे. माझा हात आत आहे. विमान कुठे आहे?"

"दुरुस्ती नोंदवली, सिस्टर. विमान दुसऱ्या रुग्णाकडे वळवलं होतं. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. तिथे शस्त्रक्रिया सुरू झाली आहे. ती संपताच विमान सावरघळला येईल. आपला क्रमांक तातडीच्या यादीत पहिला आहे."

"दुसरं विमान?"

"जिल्ह्यात एकच आहे, सिस्टर."

शर्वरीनं गादीतून मान थोडी वळवली. "कोण झालं मोकळं, आक्का?"

"कुणी नाही."

हर्षलला अजून कळत नव्हतं. "लाँच काठालाच लागलीय. उचलून नेऊ. चारजण बोलावतो."

"आणि पलीकडे कोण बसलंय पोट उघडायला?" केतकी हळू आवाजात म्हणाली. "हिला हलवलंस तर माझा हात सुटेल. तू तिच्या डोक्याशी बस. बोल तिच्याशी काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. मला आता बोलता येणार नाही."

हर्षल बसला. बायकोच्या केसांवर हात ठेवून तो गेल्या आठवड्यात रंगवलेल्या पाळण्याबद्दल सांगायला लागला. रंग अजून हाताला लागतो म्हणाला. मग ते बोलायला नको होतं असं वाटून गप्प झाला. मंगलमावशींनी पट्टा पुन्हा बांधून पाहिला, पण कंबर वर आणि पोट लोंबतं असताना त्याला काहीच सापडेना. हाताची जाणीव खांद्यापासून खाली जात चालली होती. मनगट आपलं आहे असं केतकीला वाटत नव्हतं. फक्त ती दोन बोटं जिवंत होती आणि त्यांच्या शेजारची करंगळी.

हर्षलला मावशींनी बाहेर नेलं. "भाऊ, तुमचाच रंग गेलाय, चला जरा."

पट्टा बोलत नव्हता, म्हणून मैना ठराविक वेळानं विचारायची, "सिस्टर, नाळेचा ठोका लागतो का?" आणि केतकी सांगायची, "लागतोय." प्रत्येक उत्तराबरोबर तो ठोका विरळ होत होता. कळ येई तेव्हा तो बुडायचा आणि कळ गेल्यावर पूर्वीइतका वर यायचा नाही. मग एका मोठ्या कळेनंतर तो वर आलाच नाही. एकदा लागला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा, अगदी पुसट, आणि त्यानंतर करंगळीला फक्त नाळ लागत होती. गरम, मऊ, स्तब्ध.

डोकं बोटांवर होतंच. त्याचं वजन तेवढंच होतं.

"सिस्टर, नाळेचा ठोका लागतो का?"

नियम तिला पाठ होता. ठोका नाही म्हटलं, की बाळ तातडीच्या यादीत खाली जातं. आईच्या जिवाला धोका नसेल तर विमान आधी दुसरीकडे जातं. त्यातही काही गैर नाही. विमान एकच आहे आणि जे वाचण्यासारखं आहे त्याच्याकडे ते गेलं पाहिजे. पण बोटं चुकू शकतात. मेलेल्या हाताची बोटं. कधी कधी ठोका इतका मंदावतो की हाताला कळत नाही आणि बाळ बाहेर काढल्यावर रडतं. असं तिनं ऐकलं होतं. पाहिलं नव्हतं.

"लागतोय," केतकी म्हणाली.

शर्वरीनं गादीत सोडलेला श्वास तिला ऐकू आला. "लागतोय ना, आक्का?"

"लागतोय."

ते ती मैनेला म्हणाली की शर्वरीला, हे तिला नंतर कधीच ठरवता आलं नाही. त्यानंतर मैनेनं जितक्यांदा विचारलं तितक्यांदा तिनं तेच सांगितलं, आणि हात काढला नाही. हात काढला असता तर शर्वरीला कळलं असतं.

विमान आलं. डॉक्टर फरांदे धावतच आत आले. त्यांच्या बाह्यांवर आधीच्या शस्त्रक्रियेचं रक्त तसंच होतं. त्यांनी शर्वरीला उताणी केली, पोटाला यंत्र टेकवलं, कान दिला, जागा बदलून पुन्हा टेकवलं. मग भिंतीवरच्या पडद्याकडे बघितलं. शेवटची नोंद नुकतीच झालेली होती. नाळेचा ठोका आहे.

"घ्या," ते भूलतज्ज्ञांना म्हणाले.

केतकी हिरव्या कापडाखाली तशीच होती. वर काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. मग कुणीतरी वरून ते डोकं उचललं आणि तिच्या बोटांवरचं ओझं गेलं. तिनं हात बाहेर काढला. बोटं मिटत नव्हती. वर कुणी रडलं नाही. डॉक्टरांनी प्रयत्न केले, त्या छोट्या छातीवर अंगठे दाबत, आणि मग थांबले. मुलगी होती.

हात धुताना फरांदे तिच्या शेजारी उभे होते. "सिस्टर, आम्ही उतरलो तेव्हा खरंच लागत होता?"

केतकीनं नळ बंद केला. "तिकडची बाई?" तिनं विचारलं.

"वाचली. थोडा उशीर झाला असता तर गेली असती." त्यांनी हात पुसले. पुढे काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात लाँचनं एक मुलगी आली. मैथिली टिळेकर. श्रुतनोंदीला मराठी क्रियापदं शिकवणाऱ्या गटात ती होती. तिचे डोळे सुजलेले होते. बहाणे सांगायला ती आली नव्हती.

"मराठीत आपण न झालेल्या गोष्टीला झाली म्हणतो," ती आरोग्य केंद्राच्या पायरीवर बसून म्हणाली. "निघताना आलेच म्हणतो. जेवण व्हायचं असताना झालंच म्हणतो. हे आम्हाला माहीत होतं. 'च' लागला की भूतकाळ खरा धरायचा नाही, असं आम्ही तिला शिकवलं होतं. तुम्ही 'च' म्हणाला नाहीत. 'हं' म्हणालात. झालीस हं मोकळी."

"लहान मुलाला सुई टोचताना आई म्हणते ना," केतकी म्हणाली, "झालं हं, झालं. सुई आत जायच्या आधीपासून म्हणते."

"हो." मैथिलीनं मान खाली घातली. "माझीही म्हणायची. माझ्या लक्षात आलं नाही. आमच्याकडची ध्वनिमुद्रणं सगळी मोठ्या रुग्णालयांतली. तिथे सिस्टरना एकेकीशी एवढं बोलायला वेळच नसतो."

मग तिनं विचारलं, "असं आणखी काय काय म्हणता तुम्ही? झालं नसताना?"

"समदंच म्हणतो की बाई," मंगलमावशी दारातून म्हणाल्या. "माझा नवरा आलो आलो म्हणून गेला तो दोन वर्षांनी आला."

कुणी हसलं नाही. मैथिलीनं सांगितलं की आता नवा नियम येतोय. प्रसूतीच्या खोलीत सिस्टरनं फक्त घडलेलं बोलायचं.

"मग धीर कुणी द्यायचा?"

"त्यासाठी वेगळा आवाज आणतोय. उशाशी लावायचा. तपासून घेतलेली वाक्यं असतील त्यात." हे बोलताना तिचा आवाज खाली गेला. मग, काहीतरी बरं सांगावं म्हणून ती म्हणाली, "नंतरची तुमची उत्तरं मात्र श्रुतनोंदीनं अचूक धरली. प्रत्येक 'लागतोय' बरोबर आहे. मी स्वतः ऐकलंय."

केतकी उठून आत गेली.

नियमाप्रमाणे ध्वनिमुद्रण घरच्यांना मिळतं. हर्षलनं ते मागितलं होतं. त्याला डॉक्टरांवर तक्रार करायची होती. विमान उतरेपर्यंत आपली मुलगी जिवंत होती, मग उतरल्यावर काय केलं ह्यांनी, असं तो गावभर विचारत फिरत होता. आक्कानं हात धरून ठेवला म्हणून एवढा वेळ तरी जगली, असंही सांगत होता. लोक केतकीला वाटेत थांबवून नमस्कार करायला लागले, तेव्हा तिला घराबाहेर पडवेना.

मैथिली परत गेली त्या दुपारी ती शर्वरीची पट्टी बदलायला बसली. टाके कोरडे होत आले होते. शर्वरीचा ब्लाउज पुढे भिजला होता. दूध यायचं थांबलं नव्हतं. उशाशी फोन होता आणि त्यातून अगदी हळू आवाजात ती खोली ऐकू येत होती.

"शर्वरी, ते खरं नाही," केतकी म्हणाली. "ठोका आधीच थांबला होता. विमान पुन्हा दुसरीकडे जाऊ नये म्हणून मी लागतोय म्हणत राहिले. मी हर्षललाही सांगणार आहे. डॉक्टरांची काही चूक नाही."

शर्वरीनं फोन थांबवला. "कधी थांबला?"

"हर्षल बाहेर गेल्यावर."

"मग मला कापलं कशाला?"

केतकीनं कापूस भिजवला आणि टाक्यांवरून हळूहळू फिरवला.

"आधी म्हणालात, मोकळी झाले," शर्वरी छताकडे बघत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. शाळेत कुणी गणिताच्या पायऱ्या म्हणून दाखवाव्यात तशी ती बोलत होती. "मग म्हणालात, लागतोय. आता म्हणता, नव्हताच. ह्यातलं मी कुठलं धरू, आक्का?"

"आत्ताचं."

"का? तेव्हा मला धीर द्यायला बोललात. आता डॉक्टरांना सोडवायला बोलत असाल."

केतकी काय सांगणार? खरं आहे, देवाशपथ, तुझी शपथ. तोंडाशी येणारं प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यांसारखंच दिसत होतं.

"मी मधलं धरते," शर्वरी म्हणाली आणि तिनं फोन पुन्हा सुरू केला.

मैनेनं विचारलं. शर्वरीच्या धापा. मग केतकीला स्वतःचा आवाज ऐकू आला. बाहेरून ऐकताना तो कुणा दुसऱ्याच बाईचा वाटत होता, अनुभवी, शांत, जिच्यावर भरवसा टाकावा अशा बाईचा. लागतोय. तिच्या उजव्या करंगळीला काहीतरी चाळवल्यासारखं झालं.

तो तुकडा संपला. शर्वरीनं मागे नेऊन पुन्हा लावला. पट्टी बांधून झाली होती, पण केतकी उठली नाही.